अठरा टन गूळ गेला, हातात राहिला हाऊस बीएल

लिहू की नको यात चार महिने गेले. मार्केट यार्डात हसणारे हसतातच आहेत, त्यामुळं आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. ढेप नुसती बघून हायड्रॉस (गूळ उजळ करायची पावडर) किती मारलाय ते सांगणारा माणूस मी, आणि मला गंडवलं तीन अक्षरांनी.

18 टन गूळ पावडर, किलोला 82 सेंट, एकूण 14,760 डॉलर. 20 टक्के अ‍ॅडव्हान्स, म्हणजे 2,952 डॉलर आले. उरलेले 11,808 डॉलर बुडाले. तेव्हाच्या 83 च्या दरानं 9,80,064 रुपये. कारखान्यातून बंदरापर्यंतचं कंटेनरभाडं 64,500, ते वेगळं.

दुबईच्या पार्टीची ऑर्डर आली त्यावर लिहिलं होतं 'एफओबी कोल्हापूर'. मला हसू आलं. एफओबी म्हणजे 'फ्री ऑन बोर्ड', माल जहाजावर चढवून द्यायचा; त्याच्या पुढं बंदराचं नाव लागतं. जहाज काय रंकाळ्यात आणून लावणार? मी ऐटीत दुरुस्ती करून पाठवली : एफओबी न्हावा शेवा, इन्कोटर्म्स 2020 (परदेशी व्यापारातल्या अटींचे नियम). त्याचं उत्तर, 'सर, तुमच्याकडून शिकायला मिळालं.' जेवताना घरात मी ते वाचूनही दाखवलं. त्या 'सर'नं घात केला.

एफओबीत जहाज खरेदीदार ठरवतो, म्हणून फॉरवर्डरही (जहाजात जागा घेऊन माल पाठवणारा एजंट) त्यानंच दिला. यात नियमाबाहेर काहीच नव्हतं. माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम माझी, चढल्यावर त्याची, हे मला पाठ. पण पॅरिसचं इंटरनॅशनल चेंबर 1936 पासून हे नियम काढतंय, त्यात मालकी कधी बदलते आणि पैसे कधी, कसे मिळणार, हे ठरवलेलंच नाही. ते तुमच्या करारात तुम्ही लिहायचं. मी उधारीवर माल दिला नव्हता हो! कागद बँकेतून डीपीवर (पैसे भरा, कागद घ्या) पाठवले होते, म्हणजे पैसे भरल्याशिवाय त्याला बीएल, म्हणजे ज्यावर माल सुटतो ती जहाजाची पावती, मिळणार नाही. यार्डात सगळे हेच करतात.

आता तो मंगळवार. दुपारचे चार, दुसऱ्या दिवशी कटऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात द्यायची शेवटची वेळ. सीएचएकडच्या (कस्टमचं काम बघणारा एजंट) पोराचा फोन आला, "काका, बीएलच्या ड्राफ्टवर लाइनचं, म्हणजे जहाज कंपनीचं नाव नाही. हाऊस बीएल आहे, फॉरवर्डरनं स्वतःच काढलेला. फॉरवर्डर पण कधी ऐकलेला नाही." मी काय म्हणालो? "भाडं तो भरतोय, माणूस त्याचाच असणार. ओके कर." रात्री जाग आली की अजून तेच ऐकू येतं, ओके कर. त्याच ड्राफ्टवर खाली कोपऱ्यात दुबईच्या डिलिव्हरी एजंटचा मोबाइल होता. पार्टीच्या व्हॉट्सअ‍ॅपचाच नंबर! मला तो दिसला तीन महिन्यांनी. चष्मा त्या दिवशीही नाकावरच होता.

लाइनचा स्वतःचा बीएल, म्हणजे मास्टर बीएल, फॉरवर्डरच्या नावावर, तिकडं माल घेणारा त्याचाच एजंट. लाइननं दुबईच्या जेबेल अली बंदरात कंटेनर त्याच्या हवाली केला, आणि लाइनच्या कागदानुसार ते बरोबरच. माझे तीन ओरिजिनल दुबईच्या बँकेत पडून राहिले. ट्रॅकिंगवर मी बघितलं तेव्हा कंटेनर रिकामा होऊन परतसुद्धा आला होता. या फॉरवर्डरला मी बीएल फी म्हणून 4,500 रुपये मोजलेत, तेही जीएसटीसकट बिल घेऊन.

हाऊस बीएल घ्यायचीच वेळ आली तर फॉरवर्डर नौवहन महासंचालनालयाकडं एमटीओ (मल्टिमोडल ट्रान्सपोर्ट ऑपरेटर) म्हणून नोंदलेला आहे का बघा. यादी कुणालाही बघता येते. मी बघितली नाही.

पोलिसांत गेलो. साहेबांनी फाइल उलटीसुलटी करून विचारलं, "एफओबी ही कंपनी कुठली?" समजावलं, तर म्हणाले दिवाणी मामला आहे, आणि गुन्हा दुबईत घडलाय. फॉरवर्डर नवी मुंबईचा आहे म्हटलं, तर तिकडं जा. तिकडं गेलो, तर तुम्ही कोल्हापूरचे, तिकडं नोंदवा. सहा फेऱ्या झाल्या. सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळाला, पुढं काही नाही. दुबईला मेल केले, आपोआप येणारं उत्तर आलं. बँक म्हणते आम्ही फक्त कागद पोचवतो. वकिलाच्या नोटिशीचे 15,000 गेले, नोटीस 'पत्त्यावर कोणी नाही' म्हणून परत.

आणि हीच बँक आता मला पत्रं पाठवते, निर्यातीचे पैसे देशात का आणले नाहीत? रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएसमध्ये, म्हणजे निर्यातीचे पैसे आले का बघणाऱ्या यंत्रणेत, माझं शिपिंग बिल अजून उघडं, म्हणजे पैसे बाकी, दिसतंय. चोराला कोणी विचारत नाही, खुलासा मी लिहायचा!

ईसीजीसीची (निर्यातीच्या उधारीचा विमा देणारी सरकारी कंपनी) पॉलिसी काढा, प्रीमियम वाचवू नका. खरेदीदाराच्या फॉरवर्डरशिवाय जमणार नसेल तर पूर्ण पैसे आधी, नाहीतर जहाज आपण ठरवायचं, भाडं-विमा आपण भरायचा, म्हणजे सीआयपी करायचं. कंटेनरला एफओबी मुळात बसतच नाही, आपण तो बंदराच्या यार्डात सोपवतो, तिथं एफसीए (वाहतूकदाराच्या हवाली केला की जोखीम संपली) लागतं. पण एफसीए लिहून पैसे वाचले असते असं नाही, फॉरवर्डर तेव्हाही त्याचाच असता.

परवा यार्डातल्या एका पोरानं मोबाइल पुढं केला. नवीन ऑर्डर आलीय, दुबईची, नाव वेगळं. "काका, बघा की, येड्यानं एफओबी कोल्हापूर लिहिलंय," म्हणून हसत होता.