पद्मिनीचा करंट गेला: पॉइंट ठेवायचे की इलेक्ट्रॉनिक किट बसवायचं?

सेल्फ जोमात फिरतोय, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचतंय, तरी गाडी पकडत नाही. प्लग काढून इंजिनला टेकवला तर ठिणगीच नाही. प्रीमियर पद्मिनी बाळगणाऱ्यावर ही वेळ कधीतरी येतेच. गॅरेजात गेलात की हल्ली बहुतेक पहिला सल्ला मिळतो, "पॉइंट काढा, किट टाकू."

पॉइंट म्हणजे कॉइलचा प्रवाह जोडून-तोडून ठिणगी पाडणारी धातूची जोडी; किट म्हणजे तेच काम करणारी इलेक्ट्रॉनिक जोडणी. एवढ्यात हो म्हणू नका. किट फक्त पॉइंट आणि कंडेन्सरची (पॉइंटवर ठिणगी उडून ते जळू नयेत म्हणून जोडलेला भाग) जागा घेतं. कॉइल (बॅटरीचा व्होल्टेज ठिणगीइतका वाढवणारी), डेल्को म्हणजे करंट प्लगांना वाटणारा डिस्ट्रिब्युटर, त्याची कॅप आणि आत फिरणारा रोटर, वायरी आणि किल्लीच्या स्विचकडून येणारा सप्लाय जुनेच राहतात. दोष त्यांच्यात असेल तर किटचे पैसे जातील आणि गाडी जागेवरच उभी राहील.

बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्या. एक टोक अर्थला, दुसरं कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. दिवा लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करतायत. सतत पेटून राहिला तर ते मिटत नाहीत किंवा काळे पडलेत. पेटलाच नाही तर आधी कॉइलच्या स्विचकडच्या टर्मिनलला सप्लाय बघा. तिथे दिवा लागत असेल तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर शॉर्ट आहे किंवा कॉइल आतून तुटली आहे. दिवा लुकलुकतो पण कॉइलच्या मधल्या वायरला सुटा प्लग लावूनही ठिणगी नाही, तर कॉइल किंवा कंडेन्सर गेला. मधल्या वायरला ठिणगी आहे पण प्लगला नाही, तर रोटर आणि कॅप बघा. पावसाळ्यात कॅपमधला ओलावा नुसता पुसूनही गाडी चालू झालेली मी पाहिली आहे.

दोष खरोखर पॉइंटचाच निघाला तर मग तुलनेला अर्थ आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात 3000 आरपीएमला पॉइंट मिनिटाला 6000 वेळा उघडतात. डेल्कोतल्या फिरत्या कॅमवर घासणारी पॉइंटची टाच झिजते, पॉइंटमधला गॅप कमी होतो, टायमिंग म्हणजे ठिणगी पडायची वेळ मागे पडते. पण तो बिघाड हळूहळू येतो, आधी मिसिंग म्हणजे इंजिन अडखळणं जाणवतं. पॉलिश पेपर आणि फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) असेल तर घाटातही अर्ध्या तासात गाडी निघते. सुटे भाग स्वस्त आहेत.

किटमध्ये घासणारं काहीच नाही. डेल्कोचं बुश (शाफ्टला आधार देणारी कडी) झिजून शाफ्ट हलत असेल तर पॉइंटचा गॅप एका जागी टिकत नाही; तिथे किट मला उघड सरस वाटतं. मात्र ते गेलं की एका क्षणात जातं आणि रस्त्यावर दुरुस्त होत नाही. प्लस-मायनस उलटं लागलं तर जळू शकतं. इंजिन बंद ठेवून स्विच चालू राहिला तरी काही किट तापून जातात. कॉइलचा रेझिस्टन्सही किटला जुळावा लागतो. तो मीटरने मोजूनच खरेदी करा.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमची हटली. पॉइंट नीट बसवणारे मिस्त्री आता शोधावे लागतात, हे मनात धरा. गाडी रविवारीच निघत असेल आणि गॅप स्वतः लावता येत असेल तर मी पॉइंटच ठेवीन. रोज चालवायची असेल किंवा दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची असेल तर किट बसवा, आणि काढलेले पॉइंट, कंडेन्सर व स्क्रू एका डबीत घालून डिकीत ठेवा.