एस आर नगरची काकूंची मेस: उदगीर-देगलूर साइडहून हैदराबादला येणाऱ्यांनी वाचा

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा कुठं कापला ते पुढं येईल.

हैदराबादला एस आर नगर मेट्रो स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटं, अमीरपेटच्या अंगाला, एका तीन मजली घराच्या खालच्या मजल्यावर ही मेस आहे. बोर्ड नाही, नाव नाही, सगळे नुसतं काकूंची मेस म्हणतात. काका-काकू देगलूर साइडचे, वीसेक वर्षांपासून इथंच आहेत. दोन वेळचे महिन्याला ३,४०० रुपये, एकच वेळ लावली तर १,९००, आणि पाहुणा आणला तर ताट ९० रुपये. हे सगळे आत्ताचे रेट आहेत, मी आलो तेव्हा थोडे कमी होते.

आता जेवण. ज्वारीची भाकरी रोज रात्री, चुलीवरची नाही, गॅसवरचीच, पण हातावर थापलेली आणि फुगलेली. सोबत एक रस्सा भाजी, एक सुकी, वरण, भात, शेंगदाण्याची चटणी, कांदा. सकाळच्या डब्यात चपात्या. बुधवारी पिठलं, शनिवारी येसराची आमटी (येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाल्याचं पीठ), आणि महिन्यातून एक-दोनदा रविवारी सकाळी सुशीला, जो मराठवाड्याच्या बाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो (मुरमुरे भिजवून पोह्यासारखे फोडणीला टाकतात, वरून डाळ्याची पूड). आमटीत काळा मसाला आपल्याकडचाच असतो, काकू वर्षाचा मसाला गावाहून कुटून आणतात, आणि पहिल्या दिवशी तो वास आला तेव्हा मी ताटावर बसून दोन मिनिटं काही खाल्लंच नाही, नुसता बसून राहिलो.

कारण त्याच्या आधीचे तीन महिने मी हॉस्टेलचं खात होतो. हॉस्टेलचं जेवण वाईट असतं असं मी म्हणणार नाही, तेलुगू पोरं आनंदानं खातात. पप्पू (म्हणजे डाळ), सांबार, रस्सम, गोंगुरा पचडी (अंबाडीची चटणी), दही आणि भाताचा डोंगर. पण दोन्ही वेळा भात खाऊन मला चार वाजता परत भूक लागायची आणि क्लासमध्ये डोळे मिटायचे. कर्री पॉइंट म्हणून दुकानं असतात इथं, भाज्या पिशवीत बांधून देतात, लोक घरी भात लावून खातात, ते पण करून बघितलं. मग एका संध्याकाळी रस्त्याच्या कडेला एक बाई गाडीवर भाकरी थापताना दिसली, तेलुगूत तिला जोन्ना रोट्टे म्हणतात, आणि मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की अरे हा मुलूख काही एवढा परका नाही. तिच्याकडं रोज दोन भाकरी घ्यायला लागलो, तिथंच एका परभणीच्या पोरानं मला काकूंचा पत्ता दिला.

मी अमीरपेटला का आलो ते सांगतो, कारण बरेच जण ह्याच रस्त्यानं येतात. डिग्री झाली, कॅम्पसला काही लागलं नाही, गावात सगळे म्हणाले पुण्याला जा. अमीरपेटमध्ये सॉफ्टवेअर कोर्सच्या क्लासची अख्खी गल्लीच आहे, मैत्रीवनम नावाच्या इमारतीच्या आसपास, भिंती दिसत नाहीत इतके जावा, टेस्टिंग, डेटाचे बोर्ड. फी पुण्याच्या मानानं कमी. पुण्याला माझा मावसभाऊ वाकडला राहतो, त्याच्या रूमचं भाडं आणि माझं भाडं वहीत मांडून बघितलं तर इथं महिन्याला चार हजार वाचत होते. आणि उदगीरहून पुणे चारशे किलोमीटरच्या आसपास, हैदराबाद त्याच्या जवळपास निम्मं. संभाजीनगर-हैदराबाद एक्सप्रेस उदगीर, बीदर, विकाराबाद करत येते, नामपल्लीला उतरलं की लाल लाइनची मेट्रो पकडून सरळ एस आर नगर. तरीपण गावातले म्हणायचे, परराज्यात कशाला? पुणे म्हटलं की कुणी काही विचारत नव्हतं.

ह्याच्यावर माझे आजोबा जे बोलले ते मी विसरणार नाही. ते म्हणाले, परराज्य कधीपासून झालं रे हैदराबाद? त्यांच्या लहानपणी आमचं उदगीर निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यातला तालुका. त्यांची शाळा उर्दूतून झाली, मोठ्या कोर्टाचं काम असो की कॉलेज, हैदराबादलाच जावं लागायचं, ज्याला शिकायचं तो उस्मानियाला जायचा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, तरी आठ वर्षं हैदराबाद राज्य होतंच, मग १९५६ ला भाषेवर राज्यं झाली तेव्हा बीदर शहर कर्नाटकाकडं (तेव्हाचं म्हैसूर) गेलं आणि आमचा तालुका इकडं आला, उस्मानाबाद जिल्ह्यात. पुढं १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला. म्हणजे बघा, आजोबा बीदर जिल्ह्यात जन्मले, पप्पा उस्मानाबाद जिल्ह्यात आणि मी लातूर जिल्ह्यात, आणि तिघं जन्मलो त्याच एका घरात. घर हललं नाही, पाट्या बदलल्या. आजही मी बसनं आलो तर उदगीर, बीदर, झहीराबाद, संगारेड्डी, पाटणचेरू असं येताना दोन राज्यांच्या सीमा ओलांडतो, आणि शेतात तीच तूर, तीच ज्वारी. इथले ऑटोवाले नक्को म्हणतात, तो दख्खनीतला नक्को आपल्याच नकोवरून गेलेला आहे, हे कळल्यापासून मला ऐकायला फार गोड वाटतं.

हे सगळं मेसच्या रिव्ह्यूत का लिहितोय तर मेसमध्ये रोज रात्री साडेआठ-नऊला हाच विषय असतो. पंचवीस-तीस पोरं, नांदेड, परभणी, लातूर, धाराशिव, दोघं यवतमाळचे, आणि प्रत्येकाच्या घरून फोन येतो की कधी परत येणार. कुणी म्हणतं दोन वर्षं अनुभव घेऊन पुण्याला शिफ्ट होणार, कुणी म्हणतं आता इथंच फ्लॅट बघायचा, एक जण एमपीएससी सोडून आलेला आहे आणि त्याला अजून रोज वाटतं की चुकलं. काकू वाढता वाढता सगळ्यांचं ऐकतात. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं तेव्हा काकूंनी स्वतः सगळ्यांना सांगितलं की जे मतदानाला गावी जातील त्यांचे तीन दिवसांचे खाडे (न जेवलेले दिवस) न सांगता धरले जातील, आणि निम्मी मेस रिकामी झाली होती. असं कुठल्या हॉस्टेलमध्ये कुणी करतं का?

आणि येळवस. मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडं सगळं गाव शेतात असतं, दुकानं बंद, शेतात कडब्याची कोप (खोपट) करून पूजा आणि जेवण. पहिल्या वर्षी मला सुट्टी मिळाली नाही. आईनं दुपारी शेतातून व्हिडिओ कॉल लावला, सगळे पंगतीला बसलेले, मला बघवेना म्हणून रेंज नाही सांगून ठेवून दिला. रात्री मेसला गेलो तर काकूंनी भज्जी आणि आंबील केलेली. सोलाणे, वाटाणे, तुरीचे दाणे, पालेभाज्या सगळं घालून केलेली खरी भज्जी, उंडे पण, आणि खीर. पैसे वेगळे घेतले नाहीत. त्या रात्री मी आईला स्वतःहून फोन केला आणि दुपारी खोटं बोललो ते सांगितलं.

आता अर्धा स्टार का कापला. एक तर जागा फार लहान आहे, एका वेळी बारा जण बसतात, आठ ते नऊ ह्या वेळात गेलात तर वीस मिनिटं बाहेर उभं राहायची तयारी ठेवा. दुसरं, हिटेक सिटी किंवा गच्चीबावलीला ऑफिस असेल आणि शिफ्ट उशिरा सुटत असेल तर भाकऱ्या संपतात, दहानंतर फक्त भात-वरण मिळतं, माझं महिन्यातून चार-पाचदा असं होतं. तिसरं, तेल. रस्सा भाजीला तेल जास्त असतं, मी दोनदा सांगितलं, आठवडाभर फरक पडतो मग परत तेच. रविवारी रात्री बंद. नॉनव्हेज महिन्यातून एकदाच, तेही आधी नाव लिहावं लागतं. पण भांडी स्वच्छ, पाणी फिल्टरचं, आणि तीन वर्षांत माझं पोट एकदाही बिघडलं नाही. हॉस्टेलला असताना दोनदा सलाईन लागली होती.

हॉस्टेलवरून आठवलं, नवीन येणाऱ्यांनी डिपॉझिटची पावती घ्याच. माझे पहिल्या हॉस्टेलचे तीन हजार गेले कारण महिनाभर आधी नोटीस लेखी दिली नव्हती. आणि जॉब गॅरंटी म्हणणाऱ्या क्लासला सगळी फी एकदम भरू नका, मी भरली, कोर्स अर्ध्यात असताना शिकवणारे सर सोडून गेले. मला जॉब लागला तो मेसमधल्या एका सिनियरनं रेफर केलं म्हणून. तेव्हा कुणी मला विचारलं की ३,४०० रुपयांत काय मिळतं, तर मी जेवणाआधी हेच सांगतो.

सगळ्यांनी राज्य सोडावं असं माझं म्हणणं नाही. माझा शाळेपासूनचा मित्र उदगीरलाच राहिला, घरची दाळ मिल सांभाळतो, पहाटे मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) असतो, त्याला तुरीचा नुसता दाणा चावून ओल सांगता येते. त्याला लोक म्हणतात की शिकून गावातच राहिला, ते ऐकून मला राग येतो. तो भ्यायला म्हणून राहिला नाही, त्याचं काम तिथं आहे. पण ज्याचं काम गावात नाही, ज्याला नुसतं लोक काय म्हणतील म्हणून थांबवलंय, त्यानं बावीस-तेविसाव्या वर्षी निघावं असं मला मनापासून वाटतं. आणि निघताना नकाशावर राज्याची रेघ बघू नका. रात्री गाडीत बसलं तर सकाळी घरी पोचता येतं का ते बघा, आजारी पडलो तर आपल्या भाषेत कोण विचारेल ते बघा. मला दुसऱ्या वर्षी डेंग्यू झाला तेव्हा पप्पा सहा तासांत आले, आणि ते येईपर्यंत काका दवाखान्यात माझ्याजवळ बसून होते. बेंगलोरचा चाळीस टक्के जास्त पगाराचा जॉब मी त्याच वर्षी नाकारला होता, आणि अजून एकदाही त्याचं वाईट वाटलं नाही.

हा रिव्ह्यू आत्ता लिहायचं कारण माझी बहीण. तिचं बी फार्म झालं, हैदराबादला फार्मा कंपन्या ढिगानं आहेत, बाचुपल्ली, जीडिमेट्ला, सगळीकडं, तिला एका ठिकाणी क्वालिटी कंट्रोलला घेतायत. माझ्या वेळी घरात आठ दिवस चर्चा झाली, तिच्या वेळी दोन महिने चाललीय. आई म्हणते मुलगी आहे, परराज्यात नको. पप्पा काहीच बोलत नाहीत. आजोबा आता नाहीत, ते असते तर त्यांनी काय म्हटलं असतं ते मला माहीत आहे आणि मी ते आईला सांगितलं सुद्धा.

मागच्या शनिवारी मी आई-पप्पांना इथं घेऊन आलो, दोन ताटं जास्तीची सांगितली. आई आधी नुसती बघत होती, मग उठून आत गेली आणि काकूंच्या शेजारी भाकऱ्या थापायला बसली, दोघी तासभर बोलल्या. मुलींच्या हॉस्टेलला डबा जातो का, किती वाजता, कोण घेऊन जातं, सगळं विचारलं. (जातो, काका स्वतः स्कूटीवर नेतात, साडेआठच्या आत, एस आर नगर आणि अमीरपेटपुरताच.) जाताना आईनं काकूंचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला.

बहिणीचा डबा एक तारखेपासून सांगितला आहे. ज्यांना लावायचा आहे त्यांनी पंचवीस तारखेच्या आत येऊन भेटा, नंतर जागा नसते, आणि खाडा सांगायचा तर आदल्या रात्री नऊच्या आत.