पद्मिनीचा चोक आणि चिपळूणचे एक गॅरेज: एका ग्राहकाचा अभिप्राय

कार्बोरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर) चालणारी जुनी गाडी कोकणात सांभाळायची, तर सुट्या भागांपेक्षाही जाणत्या मिस्त्रीची चणचण अधिक भासते. महामार्गालगतच्या गॅरेजांतील आजची तरुण मुले हुशार आहेत, परंतु ती फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांवर आणि स्कॅनरवर तयार झालेली आहेत; चोक, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना त्याला जादा पेट्रोल देणारी सोय, त्यांनी फार तर घरच्या जुन्या स्कूटरला पाहिलेला असतो. त्यामुळे चिपळुणात बहादूरशेख नाक्यापासून जवळच असलेल्या या छोट्या गॅरेजबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले. तेथील वयस्क मिस्त्रींची उमेदीची वर्षे मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या दुरुस्तीत गेली आहेत, आणि प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीचे इंजिन त्यांना कानाने कळते.

माझी पद्मिनी १९८२ सालची, १०८९ सीसी इंजिनाची आणि सोलेक्स कार्बोरेटरची. पीयूसी तपासणीत तिच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड जुन्या गाड्यांसाठी असलेल्या ३ टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेला. प्लग काजळीने काळे पडत होते, ॲव्हरेज घसरले होते, आणि ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येत होता. दुसऱ्या एका ठिकाणी संपूर्ण कार्बोरेटर बदलण्याचा सल्ला मिळाला होता. येथील मिस्त्रींनी मात्र कोणताही स्क्रू हलवण्यापूर्वी गाडी रात्रभर ठेवून जाण्यास सांगितले. चोक बरोबर बसला आहे की नाही, हे पूर्ण थंड इंजिनावरच पारखता येते. घरून चालवत आणलेल्या गरम गाडीवर ते समजत नाही. ही अट गैरसोयीची आहे, पण ती घालणारा माणूस काम जाणतो हे मला तेव्हाच पटले.

सकाळी त्यांनी एअर फिल्टर उतरवून मला आत बसवले, चोकचा नॉब ओढायला आणि ढकलायला लावला, आणि स्वतः कार्बोरेटरवरचा चोकचा खटका पाहत राहिले. नॉब पूर्ण आत गेला तरी खटका आपल्या मूळ जागेवर पोहोचत नव्हता. खाऱ्या दमट हवेने नॉबला खटक्याशी जोडणाऱ्या केबलची आतली तार गंजून जाड झाली होती आणि बाहेरची नळी इंजिन व केबिन यांमधील पत्र्याजवळ मुडपली होती. म्हणजे गाडी गरम झाल्यावरही चोक थोडा उघडाच, म्हणजे चालूच, राहत होता. इंजिनात जाणारे जादा पेट्रोल पूर्ण जळत नव्हते आणि त्यातील काही सिलिंडरच्या भिंतींवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळत होते. पीयूसीपासून ऑइलच्या वासापर्यंतच्या साऱ्या तक्रारींचे मूळ या एका केबलमध्ये होते.

जोडणीची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. नवी केबल ओवल्यावर नॉब पूर्ण आत ढकलून त्यांनी तो दोनेक मिलिमीटर बाहेर घेतला, खटका बोटाने मूळ जागेवर टेकवून धरला आणि मगच तारेचा स्क्रू आवळला. एवढी ढील ठेवली नाही, तर इंजिन हलताना तार ताणली जाऊन चोक पुन्हा किंचित उघडतो. त्यानंतर नॉब पूर्ण ओढून खटका दुसऱ्या टोकापर्यंत जातो का, हेही त्यांनी पाहिले. घाईत काम करणारे लोक नेमकी हीच तपासणी सोडतात, आणि मग गरम गाडी उत्तम चालते पण सकाळी उठत नाही.

पुष्कळ गाड्यांत चोक म्हणजे हवेच्या वाटेवरचा पडदा असतो. माझ्या सोलेक्समध्ये मात्र थंड इंजिनासाठी वेगळी वाट असून भोके असलेली एक चकती फिरून ती उघडते. ॲक्सिलरेटर सोडलेला असताना थ्रॉटलखाली (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेखाली) जी ओढ निर्माण होते, तिच्यावर ही वाट चालते. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटर दाबला की ती ओढ कमी होते आणि चोक ओढूनही उपयोग होत नाही. “ॲक्सिलरेटरवरून पाय काढा साहेब, तिला तिच्या पद्धतीने उठू द्या,” असे ते मला शांतपणे म्हणाले, आणि पद्मिनी खरोखरच एका सेल्फमध्ये उठली.

चोक बसल्यानंतर परशुराम घाटापर्यंत फेरी मारून इंजिन पुरेसे गरम केले गेले. आधी पॉइंटची (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांची) फट तपासली, मग नॉब पूर्ण आत असताना आयडलिंगचे (उभ्या गाडीत इंजिनाच्या मंद गतीचे) आणि मिक्श्चरचे (पेट्रोल-हवेच्या प्रमाणाचे) स्क्रू लावले. चोक अर्धवट उघडा असताना हे स्क्रू लावणे व्यर्थ आहे, कारण एका दोषावर दुसरा दोष चढतो. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठणाऱ्या फ्लोटच्या वाटीत पांढरट साका सापडला. इथेनॉल ओलावा ओढून घेते आणि २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल महिनोन्महिने उभ्या असलेल्या जुन्या गाडीला मानवत नाही, असे त्यांचे स्पष्ट मत आहे. वाटी साफ करून गास्केट बदलल्यावर पीयूसी विनातक्रार मिळाली. कोकणच्या उबदार हवेत पूर्ण चोक काही क्षणांपुरताच लागतो, नंतर अर्धा आणि मिनिटभरात बंद, ही त्यांची सूचना जानेवारीतही पुरेशी ठरली आहे. पावसाळ्यात गाडी अडली तर आधी डिस्ट्रिब्युटरचे (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाचे) झाकण कोरडे पुसावे आणि मग चोकला बोल लावावा, असेही त्यांनी बजावले.

उणिवाही आहेत. बिल लिहून मिळत नाही, मागितल्यावर वहीचा कागद फाडून दिला जातो. एअर फिल्टरची क्लिप ढिली राहिली होती, ती मला परत जाऊन आवळून घ्यावी लागली. दिलेली वेळ पाळली जाईल या भरवशावर पुढचा प्रवास ठरवू नये. केबल, गास्केट आणि मजुरी मिळून खर्च मात्र दोन हजार रुपयांच्या आत राहिला, जो कार्बोरेटर बदलण्याच्या सल्ल्यापुढे नगण्यच आहे.

पद्मिनीचे सुटे भाग येथे साठवलेले नसतात. केबल आणि गास्केटचा संच मुंबईहून मागवून सोबत न्यावा. गुहागर किंवा दापोलीकडून येणाऱ्यांनी मुक्कामाची सोय आधी पाहावी, आणि गणपतीच्या आगेमागे जाणे टाळावे, कारण त्या दिवसांत चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि चोकसारख्या निवांत कामाला तेथे कोणी हात लावत नाही.