उलवे-उरणकडे घर बघताय? ‘फेज टू’ म्हणाले की आधी चतुःसीमा वाचा

पनवेल, उलवे, द्रोणागिरी, उरण ह्या पट्ट्यात मुलंबाळं घेऊन राहायला जायचा विचार करत असाल तर कृपया हे शेवटपर्यंत वाचा. आमचे नऊ लाख एक्कावन्न हजार रुपये अशा बिल्डिंगमध्ये अडकलेत जी सरकारदरबारी अस्तित्वातच नाही, आणि तरीही आम्हाला दाखवलेला एकही सरकारी कागद बनावट नव्हता. सगळे खरे होते, फक्त आमच्या बिल्डिंगचे नव्हते. फसवायची ही पद्धत बऱ्याच जणांना माहीतच नाही म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही कोपरखैरण्यात भाड्याने राहतो, वन आरके, मुलगी दुसरीत, सासूबाईंचे गुडघे पार गेलेले आणि घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मिस्टर न्हावा शेवा बंदराजवळ कंटेनर यार्डात कामाला. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला आणि त्याच दिवशी खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकलपण सुरू झाली, तेव्हापासून घरात एकच विषय, की आता तिकडेच घर बघू. मिस्टरांना काम जवळ, विमानतळ बाजूलाच, आणि आमचं गाव श्रीवर्धनकडे, त्यामुळे गणपतीला निघालं की पळस्पे फाटा जवळ, मुंबईची अर्धी ट्रॅफिक वाचली. हे सगळं खरंच आहे, तो भाग आजही मला आवडतो, भागाबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती आम्हाला तिथे घर विकणाऱ्यांबद्दल. त्यांचं ऑफिस एकदम टापटीप, वाशी स्टेशनवरून फुकट गाडी, आणि सेल्सवाला मुलगा इतका अदबशीर की विचारू नका. त्याने बजेट विचारलंच नाही आधी. म्हणाला, ‘वहिनी, पैशाचं नंतर बोलू, आधी सांगा आजींना पायऱ्या चढवतात का आणि ताईची शाळा किती लांब चालेल?’ आता घर बदलणाऱ्या बाईच्या डोक्यात ह्याच गोष्टी असतात ना, शाळा चालत जाण्याइतकी हवी, पाणी रोज यायला हवं, रात्री-अपरात्री डॉक्टर मिळायला हवा, संध्याकाळी पोरांना खेळायला जागा हवी. त्याच्याकडे प्रत्येकाचं उत्तर तयार होतं.

सॅम्पल फ्लॅटमध्ये लहान मुलांच्या खोलीच्या दारावर एक छोटी काळी पाटी लटकवलेली, खडूने लिहायची. त्याने माझ्या मुलीला नाव विचारलं आणि तिच्यासमोर ते त्या पाटीवर लिहिलं, खाली एक फूल काढलं. आत भिंतीवर जिराफाची उंची मोजायची पट्टी, तिला तिथे उभं करून पेन्सिलने खूण केली. टेबलावर दुसरीचं बालभारतीचं पुस्तक ठेवलेलं, फोनवर माहिती विचारून घेतली तेव्हाच इयत्ता विचारली होती त्यांनी. बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा, तो सासूबाईंना हात लावून बघायला सांगितला. मला सगळ्यात जास्त संताप ह्याचा येतो. पैसे जातात, परत मिळवता येतात, पण पोर आठवडाभर ‘माझी खोली’ म्हणत होती आणि त्या माणसाने ते ठरवून केलं होतं.

नळ सोडून दाखवला, धो धो पाणी, ‘हेटवणे धरणाचं आहे वहिनी’. हेटवणेचं पाणी सिडकोच्या नोडला (सिडको म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, नोड म्हणजे तिने आखलेली उपनगरं) येतं हे बरोबर आहे, पण ह्या बिल्डिंगला कनेक्शनच नव्हतं, मागच्या बाजूला टँकरने भरलेली टाकी होती, ती नंतर दिसली. शाळेचंही तसंच. रंगीत नकाशावर पिवळा चौकोन, ‘शाळेसाठी राखीव भूखंड’. तो भूखंड नकाशात खरोखर आहे. फक्त तो नाल्यापलीकडे पुढच्या सेक्टरमध्ये आहे आणि अजून तिथे गवत आहे. राखीव म्हणजे शाळा झाली असं नसतं, भूखंड कुठल्या संस्थेला दिलाय का, बांधकाम सुरू आहे का, हे विचारायचं असतं, आणि आज मुलांना ज्या शाळेत घालणार ती शाळा आज उभी हवी.

आता कागद. फाईलमध्ये सिडकोचं वाटपपत्र होतं, सिडको, मूळ जमीनमालक आणि बिल्डर ह्या तिघांमधला त्रिपक्षीय करार होता, बांधकामाची परवानगी म्हणजे सीसी होती, बिल्डरांच्या प्रोजेक्टची नोंदणी करणाऱ्या महारेराचं सर्टिफिकेट होतं, शिवाय जागेचा जुना सातबारा. मिस्टरांनी तिथेच मोबाईलवर महारेराच्या साईटवर नंबर टाकला, प्रोजेक्ट आला, बिल्डरचं नाव तेच, प्रोजेक्टचं नाव तेच. आमच्या बिल्डिंगला ते ‘फेज टू’ म्हणत होते. विचारलं तर म्हणाला, एकाच प्रोजेक्टचे दोन फेज आहेत, रेरा नंबर एकच चालतो. हे साफ खोटं आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात स्पष्ट लिहिलंय की टप्प्याटप्प्याने बांधकाम असेल तर प्रत्येक टप्पा स्वतंत्र प्रोजेक्ट धरायचा आणि प्रत्येकाची वेगळी नोंदणी करायची. ५०० चौरस मीटरच्या वर जागा आणि आठच्या वर फ्लॅट असतील तर नोंदणीशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो स्कॅन केला की महारेराचं त्या प्रोजेक्टचं पान उघडायला हवं. आमच्या पॅम्फ्लेटवर क्यूआर कोड होता, पण तो स्कॅन केला की ड्रोनने काढलेला व्हिडिओ सुरू व्हायचा, अटल सेतू, विमानतळ, गार्डनमध्ये पळणारी मुलं. कोड आहे म्हणजे झालं असं समजू नका, उघडतं काय ते बघा.

टू बीएचके एकोणचाळीस लाखाला सांगितला, त्या भागात रस्त्यावरच्या बिल्डिंगमध्ये ह्याच्या दुपटीच्या आसपास भाव ऐकला होता, तर म्हणे प्री-लाँच रेट आहे, दिवाळीनंतर वाढणार. टोकन एक्कावन्न हजार, मग चार लाख, मग स्लॅब टाकून झाला म्हणून अजून पाच लाख, त्यासाठी सासूबाईंच्या पाटल्या गहाण ठेवल्या. प्रत्येक वेळी रजिस्ट्रेशनचं विचारलं की कारण ठरलेलं, सर्व्हर बंद आहे, किंवा बाईच्या नावावर घेतलं की स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे ती लावून घेतो, थोडं थांबा. सूट खरी आहे, तिचं नाव घेऊन आम्हाला थांबवलं. हातात दिला तो पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला करार. कायद्याने रजिस्टर्ड करार करायच्या आधी बिल्डरला दहा टक्क्यांच्या वर एक रुपया घेता येत नाही, म्हणजे आमच्या बाबतीत तीन लाख नव्वद हजार, आणि घेतले किती ते वर लिहिलंच आहे. तसंच घेणाऱ्यांच्या पैशातले ७० टक्के त्या प्रोजेक्टच्या वेगळ्या बँक खात्यात ठेवावे लागतात, आमचे गेले एका इंटिरियरच्या फर्मच्या खात्यात.

भांडं फुटलं ते बँकेत. होम लोनसाठी फाईल दिली तर बँकेच्या पॅनेलवरच्या वकील मॅडमनी मिस्टरांना बोलावून घेतलं आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, एक त्रिपक्षीय करार आणि एक आमचा नोटरीवाला. म्हणाल्या, चतुःसीमा वाचा. त्रिपक्षीय करारात चारही बाजूंना भूखंड क्रमांक आणि रस्त्याची रुंदी मीटरमध्ये. आमच्या करारात भूखंड क्रमांकच नाही, नुसतं ‘फेज टू, गावालगत’, पूर्वेस रस्ता, दक्षिणेस पायवाट, आणि पश्चिमेस खाजण. खाजण! कोकणातल्या माणसाला ह्याचा अर्थ सांगायला लागत नाही, भरतीचं पाणी येणारी जागा, तिवरं. तिवरांपासून ५० मीटरच्या आत बांधकामाला हायकोर्टाच्या २००५ च्या आदेशापासून बंदी आहे.

तरी कागदांवर मूळ मालकाचं नाव एकच कसं हे कोडं होतं, ते सोडवलं मिस्टरांच्या यार्डातल्या एका काकांनी, जासईकडचे, आगरी, स्वतः प्रकल्पग्रस्त. ते म्हणाले, ‘अरे ती जागा कवाच संपादनात गेली, तिच्या बदल्यात मालकाला साडेबारा टक्क्याचा भूखंड दुसरीकडं भेटला, आणि त्याचेच कागद तुला दाखवलेत.’ साडेबारा टक्के म्हणजे संपादनात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मूळ मालकाला तेवढ्या प्रमाणात भूखंड द्यायची योजना. म्हणजे बघा, भूखंड मिळाला तिथे फेज वन, सगळं कायदेशीर, रेरा-सीसी सगळं आहे, आणि जी जमीन देऊन तो भूखंड मिळाला त्याच जमिनीवर, जी आता सिडकोची आहे, तिथे फेज टू. मालकाचं नाव जुन्या सातबाऱ्यावर तेच आणि त्रिपक्षीय करारात तेच, त्यामुळे बघणाऱ्याला सगळं जुळल्यासारखं वाटतं. एकाच जमिनीचे पैसे दोनदा.

काकांना हे सांगताना वाईट वाटत होतं ते दिसत होतं. १९७० साली सिडको आली, पंचाण्णव गावांच्या जमिनी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील साहेबांच्या मागे लोक रस्त्यावर उतरले, जासई परिसरात गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, तेव्हा कुठे ही साडेबारा टक्क्याची योजना पदरात पडली. त्याच योजनेच्या कागदांनी आता लोकांना फसवलं जातंय. अजून एक त्यांनी सांगितलं, गावाशेजारी प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी बांधलेली घरं नियमित करायचं सरकारचं धोरण आहे ते त्यांच्या घरांसाठी, बाहेरच्याला विकलेल्या फ्लॅटच्या टॉवरसाठी नाही. एजंट मात्र बिनधास्त सांगतात की ‘सगळं रेग्युलराइज होणार आहे, अधिवेशनात आलंय’. आणि बँकेने नकार दिला म्हटल्यावर आमचा तो अदबशीर मुलगा काय म्हणाला, तर बँका गावठाणाला लोन देतच नाहीत वहिनी, आपण प्रायव्हेट फायनान्स करून देतो. म्हणजे बुडायचं तर अजून कर्ज काढून बुडा.

ज्यांना वाटतंय की कोण एवढं पाडतंय, राहायला गेलं की झालं, त्यांनी नालासोपाऱ्याचं आठवावं. २०२५ च्या सुरुवातीला तिथे एक्केचाळीस बिल्डिंगी पाडल्या, सांडपाणी प्रकल्प आणि डम्पिंगसाठी राखीव जागेवर उभ्या होत्या, कोर्टापर्यंत जाऊन काही झालं नाही. माणसं वर्षानुवर्षं राहत होती, पोरांच्या शाळा तिथल्याच. आणि कल्याण-डोंबिवलीच्या पासष्ट बिल्डिंगींनी तर पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेरा नंबरच मिळवलेले, हायकोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडायला सांगितल्या. म्हणून नुसता रेरा नंबर बघून थांबू नका, त्या पानावरची सीसी डाउनलोड करा आणि तिच्यावरचा क्रमांक ज्यांनी ती दिली त्यांच्याकडे, म्हणजे उलवे-द्रोणागिरीला सिडकोत, जाऊन ताडून घ्या.

सिडकोच्या नोडमध्ये कोणी घर विकताना सातबारा पुढे करत असेल तर तिथेच सावध व्हा. तिथे जमीन सिडकोची असते, भाडेपट्ट्याने दिलेली, त्यामुळे बघायचं ते वाटपपत्र, भाडेकरार किंवा त्रिपक्षीय करार, सीसी, तयार बिल्डिंग असेल तर ओसी म्हणजे राहायला जायची परवानगी, आणि सगळ्यावर एकच सेक्टर आणि एकच भूखंड क्रमांक. तो क्रमांक तुमच्या करारात जसाच्या तसा हवा. मग तो कागद हातात घेऊन जागेवर उभं राहा, शेजारचे भूखंड क्रमांक जुळतात का बघा, मोबाईलवर सॅटेलाईट नकाशा उघडा, हिरवा पट्टा चिकटून दिसला तर ती तिवरं असायची शक्यता फार. त्याच बिल्डरचे आधीचे व्यवहार नोंदणी खात्याच्या साईटवर इंडेक्स टू मध्ये, म्हणजे रजिस्टर झालेल्या व्यवहारांच्या उताऱ्यात, सापडतात, आमच्या फेज टूचा एकही सापडला नाही, कारण एकही रजिस्टर झालेला नव्हता. लोन लागत नसलं तरी राष्ट्रीयीकृत बँकेत फाईल द्या, त्यांचा वकील जे बघतो ते सेल्सवाला कधीच दाखवणार नाही.

पाण्यासाठी सुट्टीच्या दिवशी साईट व्हिजिटला जाऊ नका, कामाच्या दिवशी सकाळी जा आणि शेजारच्या राहत्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारा टँकर किती येतात. वॉचमन खरं सांगतो.

आमचं सध्या असं आहे. पोलिसांकडे फसवणुकीची तक्रार दिलीय, महारेराकडेही केलीय. आमच्यासारखी अजून काही कुटुंबं भेटली, एक तर थेट गुहागरहून गावचं कलम विकून पैसे आणलेलं. सगळे एकत्र ऑफिसला गेलो तेव्हा त्यांनी दोन-दोन लाखांचे चेक दिले, आमचा बाउन्स झाला. ज्यांचे झालेत त्यांनी गप्प बसू नका आणि ‘पुढच्या आठवड्यात परत टाका’ ह्या बोलण्यावर महिने काढू नका. बँकेकडून चेक परतल्याचा मेमो आला की तीस दिवसांच्या आत वकिलामार्फत लेखी नोटीस जायला हवी, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत त्यांनी पैसे दिले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात कलम १३८ खाली केस टाकता येते. मेमोची तारीख लिहून ठेवा, नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा.