डीव्हीटीनंतर सुजलेला पाय आणि ओटीपोटातल्या शिरेचा स्टेंट: कुणाला उपयोगी, कुणाला नाही

डीव्हीटी म्हणजे पायाच्या खोल शिरेत रक्ताची गाठ होणं. ही गाठ गोळ्यांनी पूर्ण विरघळतेच असं नाही. शिरेच्या आत जाळीसारखे तंतू उरतात, भिंत आकसते आणि रक्त पायातच तुंबतं. संध्याकाळपर्यंत पाय जड होतो, घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडते, पुढे तिथेच न भरणारी जखम होते. डाव्या पायाला त्रास जास्त, कारण उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या शिरेवर आडवी पडून तिला मणक्यावर दाबते. अडथळा ओटीपोटात असेल आणि त्रास खरोखर मोठा असेल, तरच स्टेंटचा, म्हणजे शीर आतून उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीचा विचार करावा. नुसत्या हलक्या सुजेसाठी तो नको.

टाके नाहीत. सोनोग्राफीत बघत मांडीच्या किंवा गुडघ्यामागच्या शिरेत सुई घालतात. बंद जागेतून वायर पार करणं हेच खरं कसबाचं काम, त्यातच वेळ जातो. मग स्टेंटच्याच मापाचा फुगा शिरेत फुगवतात आणि स्टेंट बसवतात. फुगा फुगवताना कंबर जबर दुखते, म्हणून भूल किंवा गुंगी हवीच. कंबरदुखी पुढे काही दिवस राहते.

माप मात्र आयव्हसने, म्हणजे शिरेच्या आतून केलेल्या सोनोग्राफीने घ्यायला हवं. डाय टाकून काढलेल्या चित्रात चपटी झालेली शीर समोरून रुंदच दिसते आणि अडथळा निसटतो. आयव्हसचा कॅथेटर महाग, म्हणून तो गाळायचा मोह होतो. पैसे वाचवायची ही जागा नव्हे. ओटीपोटातल्या मुख्य शिरेला साधारण १४ ते १८ मि.मी.चा स्टेंट लागतो. लहान किंवा आखूड पडला तर तो सरकून थेट हृदयापर्यंत जाऊ शकतो. बोस्टन सायंटिफिक या कंपनीने तिचा व्हिची स्टेंट २०२१ मध्ये परत मागवला तो सरकण्याच्या तक्रारींमुळेच.

स्टेंट बंद पडण्याची कारणं बहुधा तीनच: जांघेतून वर येणारं रक्त अपुरं, शिरेच्या खराब भागाचं टोक स्टेंटबाहेर उघडं राहणं आणि रक्त पातळ करणारी गोळी मध्येच सोडणं. पहिलं कारण आधीच कळू शकतं. त्यासाठी जांघेतली शीर आणि मांडीतली खोल शीर डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत नीट बघून घ्यायची. दोन्ही खराब असतील तर डॉक्टरांनी नको म्हटलेलं बरं. गोळी किमान काही महिने, काहींना कायमची.

इस्टिमेट घेताना किती स्टेंट धरलेत, आयव्हस धरलाय का आणि पहिल्या काही आठवड्यांतले डॉपलर त्यात आहेत का, हे लेखी विचारा. मांडीतली बंद शीर स्टेंटने उघडत नाही, त्यामुळे दाबाचे मोजे पुढेही घालावे लागण्याची तयारी ठेवा.