बेचाळीस किलो उतरल्यानंतरचा टमी टक: पुण्यातील एका रुग्णालयाचा अनुभव

जठराचा आकार कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पावणेदोन वर्षांत माझे वजन ११२ किलोंवरून ७० किलोंवर आले, मधुमेहाच्या गोळ्या निम्म्या झाल्या आणि जिना चढताना दम लागेनासा झाला. पोटाची कातडी मात्र होती तेवढीच राहिली आणि मांडीवर लोंबू लागली. एकदा इतकी ताणलेली कातडी व्यायामाने आवळत नाही. पावसाळ्यात त्या घडीखाली घाम साचून कातडी सोलवटायची, बुरशीचा संसर्ग व्हायचा आणि ऑफिसला जाताना घडीत मऊ सुती फडके ठेवूनच साडी नेसावी लागायची. म्हणून गेल्या जानेवारीत पुण्यातील एका खासगी रुग्णालयात मी टमी टक, म्हणजे पोटाची जादा कातडी काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, करून घेतला.

सर्जननी घाई केली नाही, हे मला सर्वांत आवडले. वजन निदान सहा महिने स्थिर राहिल्याशिवाय हात लावणार नाही, असे सांगून पहिल्या भेटीत त्यांनी मला परतच पाठवले आणि हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ व प्रथिने यांच्या तपासण्या करायला लावल्या, कारण बॅरिअ‍ॅट्रिक (वजन उतरवण्याच्या) शस्त्रक्रियेनंतर खाणे कमी झाल्याने यांची कमतरता राहू शकते आणि प्रथिने कमी असली की जखम लवकर भरत नाही. माझे हिमोग्लोबिन ९.४ निघाले, शिरेतून लोह घेऊन ते वर येईपर्यंत दोन महिने गेले. पुढच्या भेटीत त्यांनी कागदावर आकृतीच काढून दाखवली: ओटीपोटावर एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत छेद घ्यायचा, बाळंतपणात फाकलेले मधले स्नायू टाके घालून जवळ आणायचे, जादा कातडी आणि चरबी कापून टाकायची, आणि बेंबी तिच्या देठावर जागच्या जागी ठेवून खाली ओढलेल्या कातडीत तिच्यासाठी नवे छिद्र पाडायचे. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत काढलेला भाग २ किलो ३०० ग्रॅम भरला. एवढ्या खटाटोपानंतर काट्यावर इतकाच फरक पडला याचे मला हसू आले, आणि हसल्यावर टाके किती दुखतात तेही तेव्हाच कळले.

पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून सिस्टरांनी शस्त्रक्रियेच्या दिवशीच संध्याकाळी मला धरून चालवले, तेही कमरेत वाकवूनच, कारण ताठ उभे राहिले की टाक्यांवर ताण येतो. घरी सोडताना पोटात दोन नळ्या होत्या. त्यांच्या टोकाचा रबरी फुगा रिकामा करून, दाबून हवा काढायची आणि दाबलेला असतानाच झाकण लावायचे, हे एका सिस्टरांनी माझ्या नवऱ्याकडून तीनदा करवून घेतले. रोज किती मिली पाणी आले ते आम्ही कालनिर्णयच्या चौकोनांत लिहीत होतो. चोवीस तासांत ते ३० मिलीच्या खाली आल्यावर एक नळी नवव्या दिवशी निघाली, दुसरी बाराव्या. वॉर्डला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

काउंटरबद्दल तसे म्हणता येत नाही. "मॅडम, आठवड्याभरात ऑफिसला जाल," असे तिथल्या समुपदेशक बाईंनी छातीठोकपणे सांगितले. प्रत्यक्षात पहिला आठवडा मी धड सरळ उभी राहू शकले नाही, तीन आठवडे रजा लागली आणि सहा आठवडे पाण्याची कळशीही उचलायची नव्हती. पॅकेज १ लाख ९० हजारांचे म्हणून ठरले, पण बिल २ लाख ३१ हजारांचे आले, कारण पोटाचा घट्ट पट्टा, काढलेल्या भागाची तपासणी आणि भूलतज्ज्ञांची फी त्यात धरलेलीच नव्हती. विम्याचा दावाही फेटाळला गेला. कॉस्मेटिक शस्त्रक्रिया पॉलिसीत सहसा वगळलेली असते आणि वैद्यकीय गरज म्हणून करायची असेल, तर तसे डॉक्टरांनी प्रमाणित करावे लागते. संसर्गाचे फोटो आणि त्वचारोगतज्ज्ञांचे कागद माझ्याकडे होते, पण ते आधी जोडायला हवेत असे काउंटरवर कोणीही सांगितले नाही.

आता आठ महिने झाले आहेत. व्रण परकराच्या नाडीखाली झाकला जातो, बेंबीखालचा तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे आणि यंदाचा पावसाळा एकही मलम न लावता गेला. व्रणाच्या उजव्या टोकाला मात्र कातडीची बोटभर चुणी उरली आहे, जी जागेवर भूल देऊन अर्ध्या तासात काढता येईल असे सर्जन म्हणतात. त्यासाठी किती पैसे पडतील, हे या वेळी मी काउंटरवरून लेखी मागितले आहे.