ट्रिगर ‘मऊ’ करून देणाऱ्यानं आम्हाला कसं फसवलं

माझी लेक १४ वर्षांची. दोन वर्षं १० मीटर एअर पिस्तूल खेळते. नवीन पिस्तूल आमच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून दिवाळीत ७८,००० रुपयांना सेकंडहँड घेतलं. ट्रिगरचे म्हणून विकणाऱ्यानं वर १४,००० वेगळे घेतले. “ताई, मॅच ग्रेड करून दिलाय, बाहेरचा पार्ट आहे. लोण्यासारखा चालतो. पोरीचे पॉइंट वाढणार बघा.” बिल मागितलं तर म्हणाला, घरचंच समजा, बिल कशाला? मी रोख मोजून दिले. तिथंच चुकलं.

पहिले दोन आठवडे पॉइंट खरंच वाढले. मग एका संध्याकाळी रेंजवर तिनं छर्रा भरला, लिव्हर बंद केली आणि गोळी सुटली. बोट ट्रिगरवर नव्हतंच, मी मागेच उभी होते. भरताना नळी टार्गेटकडेच ठेवायची ही सवय तिच्या कोच सरांनी पहिल्या दिवसापासून लावलेली, म्हणून छर्रा समोरच्या भिंतीत गेला. शेजारच्या लेनवर एक लहान मुलगा डबीतले छर्रे निवडत बसला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सरांनी पिस्तूल लगेच काढून घेतलं आणि ५०० ग्रॅमचं वजन आणलं. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान तेवढा भार पेलावाच लागतो. २५ मीटरला तर १००० ग्रॅम. नळी सरळ वर धरायची, ट्रिगरच्या मधोमध वजन अडकवायचं आणि टेबलावरून अलगद उचलायचं. वजन वर आलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. आमचं वजन टेबलावरून उठलंही नाही. हूक जरा ताणला आणि टक्! तीन वेळा केलं, तीनही वेळा तेच. म्हणजे स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोललाच, म्हणजे मॅचआधीच्या तपासणीतच, अडकलो असतो, आणि मॅचनंतरच्या तपासणीत सापडलो असतो तर मुलगी डिस्क्वालिफाय.

कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी उघडलं तेव्हा बाहेरचा पार्ट वगैरे काही नव्हतंच. सिअर, म्हणजे हॅमरला अडवून धरणारा खटका, कानशीनं तासलेला. भिंगाखाली ओरखडे स्पष्ट दिसत होते. स्प्रिंगचा एक वेढा कापलेला. वरचा कडक थर एकदा गेला की ती धार वापरानं झिजतच जाते, पकड कमी कमी होते आणि एक दिवस नुसत्या धक्क्यानं सुटते. पहिल्या दोन आठवड्यांत हलका वाटलेला ट्रिगर म्हणजे ही झीज होती.

विकणारा फोनवर म्हणाला, “तुमच्या मुलीनंच बिघडवलं.” बिल नाही, मेसेज नाही. काय दाखवणार?

आणखी एक. काडतुसाच्या .२२ पिस्तुलाचाही ट्रिगर मऊ करून देतो असं तो मला सांगत होता. ४.५ मिमीच्या, छर्र्याची ऊर्जा २० जूलच्या आत असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, त्यामुळे त्याला कोणी हटकत नाही. .२२ मात्र फायरआर्म आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे त्याची दुरुस्तीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही. अशाच्या हातात पिस्तूल देणारा पालकही अडचणीत येऊ शकतो.

सेकंडहँड घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी सरांना सोबत न्या, वजन लावून बघा आणि तासलेल्या ट्रिगरला जास्त पैसे देऊ नका. नवा सिअर आणि स्प्रिंग बसवून आमचं पिस्तूल आता वजन नीट पेलतं. जुना सिअर मी प्लॅस्टिकच्या पिशवीत लेकीच्या किटमध्ये ठेवलाय. रेंजवर ज्या पालकांना बघायचा असेल त्यांनी मागून घ्यावा, भिंगही सोबत आहे.